चौथ्या दिवशी कुणीतरी येईल

१७ जानेवारी १९९५. पहाटेचे ५ वाजून ४६ मिनिटं. जपानमधलं कोबे शहर अजून अंथरुणात होतं. जमीन हलली ती जेमतेम वीस सेकंदं. तेवढ्यात जड कौलांची जुनी लाकडी घरं झोपलेल्या माणसांवर बसली, उन्नत महामार्ग आडवा झाला आणि शहरात जागोजागी आगी लागल्या. मृतांचा आकडा पुढे ६,४३४ वर स्थिरावला.

भूकंपाची गोष्ट आपण साधारण इथपर्यंतच ऐकतो. ढिगारे, बचाव पथकं, तीन दिवसांनी जिवंत सापडलेलं एखादं मूल. मग कॅमेरे परततात. मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचंय, ती त्यानंतर सुरू होते.

कोबे आणि आसपासचे तीन लाखांवर लोक शाळांच्या हॉलमध्ये, सरकारी इमारतींमध्ये, जिथे छप्पर मिळालं तिथे राहायला गेले. जानेवारीची थंडी होती. लाकडी फरशीवर एक घोंगडं, बाजूला पुठ्ठ्याचा आडोसा, नळाला पाणी नाही, संडास तुंबलेले. अशा ठिकाणी म्हातारी माणसं हळूहळू मरू लागली. भूकंपातून ती वाचली होती. त्यांना निवाऱ्याने मारलं. कुणाला न्यूमोनिया झाला, कुणाचं हृदय बंद पडलं, कुणाचं जुनं दुखणं औषधाविना बळावलं. ६,४३४ मध्ये असे मृत्यू नऊशेहून अधिक आहेत. जपानी प्रशासनाने त्यांना वेगळं नाव दिलं: आपत्तीशी संबंधित मृत्यू.

या दुसऱ्या मरणाच्या वाटेत जी माणसं उभी होती, त्यांत बहुसंख्य परिचारिका होत्या. त्यांतल्या कित्येकींची घरंही पडली होती. तरी त्या थांबल्या. का?

‘सेवाभाव’ हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असतं. गेली काही वर्षं जमेल तसं या विषयावर वाचताना मला ते उत्तर अपुरं वाटत गेलं. जपानच्या गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची निदान तीन वेगवेगळी उत्तरं सापडतात. जपानच घ्यायचं कारण साधं आहे. तिथे आपत्ती वारंवार येतात आणि आपत्तीनंतर काय चुकलं, याची नोंद ठेवायची सवय आहे.

पहिलं उत्तर: हुकूम

१५ जुलै १८८८ रोजी बांदाई नावाच्या डोंगराचा ज्वालामुखी फुटला आणि ४७७ माणसं गेली. जपानी रेड क्रॉस तेव्हा नुकती कुठे उभी राहत होती. रेड क्रॉस ही मुळात रणांगणावरच्या जखमींसाठी निघालेली संघटना. तिने शांततेच्या काळात, निसर्गाच्या तडाख्यात सापडलेल्यांसाठी पथक पाठवावं, ही त्या काळी जगभरात नवी गोष्ट होती. जपानने ती केली.

दोन वर्षांनी, १८९० मध्ये, या संस्थेने परिचारिकांचं शिक्षण सुरू केलं. पहिल्या तुकडीत दहा मुली होत्या. त्यांचं शिक्षण चालू असतानाच २८ ऑक्टोबर १८९१ रोजी नोबीचा महाभूकंप झाला. सात हजारांवर माणसं मेली. या शिकाऊ मुलींना तिकडे धाडण्यात आलं. प्रशिक्षित परिचारिका आपत्तीत कामाला लागण्याची जपानमधली ही सुरुवात.

या मुली गेल्या, कारण त्यांना जाणं भाग होतं. शिक्षण घेताना त्यांनी करार केलेला असे: शिकून बाहेर पडल्यावर पुढची वीस वर्षं बोलावणं आलं की हजर व्हायचं. ही मुदत पुढे कमी होत गेली, पण बोलावणं सुटलं नाही. सैनिकाला भरतीचा कागद यावा, तसा त्यांना येई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी रेड क्रॉसने अशी ९६० पथकं पाठवली. सुमारे ३३ हजार जणांच्या या पथकांत बहुतेक परिचारिका होत्या. अंगावरचं दूध पिणारी मुलं घरी ठेवून गेलेल्या आयाही त्यांत होत्या. अकराशेहून अधिक जणी परतल्या नाहीत.

त्या काळात ‘तुम्ही हे काम का करता?’ असं कुणी विचारलंच असतं, तर उत्तर छापील होतं: देशासाठी, सम्राटासाठी. पण हुकमाच्या आतही माणसं आपापली कारणं घेऊनच जगतात. गरीब घरातल्या मुलीला शिकायला मिळत होतं, स्वतःची कमाई होत होती, गावाबाहेरचं जग दिसत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाईच्या वाट्याला हे सहजी येत नव्हतं. ‘त्याग’ या एका शब्दात ही सगळी कारणं बुडून जातात. इतिहास वाचताना मला त्या शब्दाची थोडी भीती वाटते ती याचसाठी. तो उच्चारला की पगार, थकवा, हौस, भीती यांबद्दल पुढे बोलायचं कारणच उरत नाही.

दुसरं उत्तर: डोळ्यांसमोरचं माणूस

१९९५ च्या कोबेत असा कुठलाही कागद आला नाही. तरीही देशभरातून लोक येत राहिले. पहिल्या वर्षभरात तेरा लाखांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. जपानी लोक त्या वर्षाला ‘स्वयंसेवेचं पहिलं वर्ष’ म्हणतात. परिचारिकाही आल्या, कुणी रजा टाकून, कुणी नोकरी सोडून.

नोकरी सोडणाऱ्यांमध्ये युको कुरोदा हे नाव घ्यायलाच हवं. कोबेजवळच्या ताकाराझुका शहराच्या सरकारी रुग्णालयात त्या मोठ्या हुद्द्यावर होत्या. आपल्याकडे उप-मेट्रन म्हणू असा हुद्दा. वय पन्नाशीच्या पुढे. भूकंपानंतर त्यांनी आधी निवारा केंद्रात काम केलं. मग लोक निवाऱ्यांतून तात्पुरत्या घरांत हलू लागले, तशा त्याही त्यांच्या मागोमाग निघाल्या, रुग्णालयाची नोकरी सोडून.

ही तात्पुरती घरं म्हणजे एका साच्यातल्या खोल्यांच्या रांगा. त्या प्रांतात अशी ४८ हजारांवर घरं बांधली गेली. म्हातारी, अपंग माणसं आधी, या न्यायाने सोडत काढून घरं वाटली. हेतू चांगला होता, पण परिणाम वाईट झाला. वर्षानुवर्षांचे शेजार तुटले. एकेकटी म्हातारी माणसं अनोळखी रांगांत येऊन पडली. काही जण एकटेच मेले आणि कित्येक दिवस कुणाला कळलंही नाही. या मरणाला जपानी भाषेत ‘कोदोकुशी’ म्हणतात, एकाकी मृत्यू. ही घरं रिकामी होईपर्यंत अशा २३३ मृत्यूंची नोंद झाली.

हजाराहून जास्त घरांच्या अशाच एका वसाहतीत कुरोदांनी सहकाऱ्यांसह तळ ठोकला आणि चोवीस तास लक्ष ठेवायची व्यवस्था लावली. अशा वसाहतीत परिचारिकेचं काम म्हणजे रोज दार वाजवणं. पडदा दिवसभर बंद का आहे? पेपर दारातच का पडलाय? परवा भेटलेले आजोबा आज ओट्यावर का नाहीत? इंजेक्शन, सलाइन हे फार नंतर येतं. २०११ च्या त्सुनामीनंतर कुरोदा ईशान्येकडच्या केसेन्नुमा शहरात हेच काम करायला गेल्या. २०१४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

या बाईला काय धरून ठेवत असेल? एक उत्तर कामाच्या स्वरूपातच आहे. निवाऱ्यातलं नर्सिंग बाहेरून बघणाऱ्याला फार किरकोळ दिसतं. उदाहरण घ्या. संडास घाण आहे, लांब आहे, रात्री अंधार आहे, म्हणून म्हातारी माणसं मुद्दाम पाणी कमी पितात. पाणी कमी, त्यात दिवसभर एका जागी बसून राहणं, म्हणजे पायात रक्ताची गाठ होण्याची शक्यता. ती गाठ फुप्फुसात गेली की माणूस उभ्या उभ्या कोसळतो. २००४ च्या निइगाता भूकंपात लोक घाबरून मोटारीत झोपत होते, तेव्हा हा प्रकार ठळकपणे पुढे आला. दुसरं उदाहरण कवळीचं. चूळ भरायलाही पाणी नाही, म्हणून कवळी दिवसेंदिवस धुतली जात नाही. तोंडातले जंतू झोपेत श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनिया होतो.

म्हणजे संडासाच्या वाटेवर एक दिवा लावणं, आजीबाईंना हाताला धरून हॉलभर एक फेरी मारायला लावणं, पेलाभर पाणी देऊन कवळी धुवायला सांगणं, यानेही माणूस वाचतो. आपल्या हातचं एवढंसं काम आणि कुणाचं जगणं यांतलं अंतर इतकं कमी असतं, हे परिचारिकेला शिकून माहीत असतं. बाकी कुणाला ते दिसतही नाही. ज्याला दिसतं, त्याला उठून जाणं जड जातं.

२०१६ च्या कुमामोतो भूकंपाने याचा हिशेबच मांडला. घरं कोसळून थेट मेलेली माणसं ५०. त्यानंतरच्या हालअपेष्टांनी मेलेली २०० हून जास्त.

सांगलीतली शंभरपानी वही

हे सगळं मी घरी बसून वाचलेलं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा मी मैत्रिणींबरोबर कपड्यांची आणि बिस्किटांची गाठोडी घेऊन सांगलीकडे गेले होते. एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. बाकं एका कडेला लावून वर्गावर्गात सतरंज्या अंथरलेल्या. दाराशी टेबल टाकून एक सिस्टर बसल्या होत्या. समोर रांग. बहुतेकांच्या पायाला चिखल्या झालेल्या, कुणाला ताप, कुणाला लेप्टोच्या भीतीने गोळी हवी.

रांगेतली एक आजी म्हणाली, “माझी ती पांढरी बारकी गोळी द्या.” घर बुडालेलं, चिठ्ठी गेलेली, डबी गेलेली. पांढऱ्या बारक्या गोळ्या जगात शेकडो. सिस्टरांनी तिला शेजारी बसवलं. सकाळी घेता का रात्री? अर्धी का पूर्ण? डॉक्टर गोड खाऊ नका म्हणाले होते का मीठ कमी करा? असं विचारत विचारत ती गोळी बीपीची, हे काढलं. मग बीपी मोजलं आणि शंभरपानी वहीत आजीचं नाव, वर्गाचा नंबर, गोळी, वेळ असं लिहिलं. वही निम्म्याच्या वर भरली होती.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, “सिस्टर, तुम्ही घरी कधी जाणार?”

“अगं, घरात छातीइतकं पाणी,” त्या म्हणाल्या. “जाऊन करू काय? इथं निदान हाताला काम आहे.” मग वहीवर हात ठेवून म्हणाल्या, “आणि कुणाला कुठली गोळी, ते सगळं हिच्यात. मी गेले तर हे कुणाला देऊ?”

त्यांच्या जागी कोण येणार, कधी येणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यांच्या उत्तराची पहिली बाजू मला कोबेच्या वाचनातून ओळखीची होती. स्वतःचं घर गेलेल्या माणसाला काम हा आधार असतो. सगळं हातातून निसटलेलं असताना ज्यात आपल्याला गती आहे, असं काहीतरी करायला मिळतं. रांगेतल्या आजीला सिस्टरची गरज होतीच. त्या दुपारी सिस्टरलाही रांगेची होती. दुसरी बाजू मात्र मला अस्वस्थ करून गेली. ‘हे कुणाला देऊ?’ यात जिव्हाळा होता आणि अडकलेपणही होतं. ती थांबली होती, पण तिला सुटता येत नव्हतं म्हणूनही थांबली होती. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आपण त्याला बिनदिक्कत ‘समर्पण’ म्हणून टाकतो.

तिसरं उत्तर: ओव्हर घ्यायला येणारी

सरकारी दवाखान्यात कधी रात्र काढली असेल, तर तुम्ही पाहिलं असेल. सकाळी पाळी बदलताना रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला ओव्हर देते. तीन नंबरला ताप होता, पाच नंबरचं सलाइन संपत आलंय, सात नंबरच्या बाईंना रात्रभर झोप नाही. एवढं बोलून ती पर्स उचलते आणि निघते. कुणीतरी ओव्हर घ्यायला येणार, या भरवशावर ती आठ-बारा तास उभी राहू शकते.

कोबेनंतर जपानी परिचारिकांनी नेमकं हे आपत्तीत आणायचं ठरवलं. १९९५ मध्ये मदतीला आलेल्या परिचारिकांचा उत्साह दांडगा होता, पण कुणी कुठे जायचं, किती दिवस थांबायचं, कुणाला विचारायचं, याचा मेळ नव्हता. स्थानिक परिचारिका तर रुग्णालयातच झोपत होत्या. घरच्यांना शोधायला जाता आलं नाही, याची टोचणी घेऊन. त्या अनुभवावर काम करणाऱ्यांमध्ये हिरोको मिनामी अग्रणी होत्या. त्या मनोरुग्णांच्या शुश्रूषेच्या अभ्यासक, ह्योगो प्रांतातल्या नर्सिंग महाविद्यालयाच्या प्रमुख आणि पुढे आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या अध्यक्ष. १९९८ मध्ये जपानमध्ये आपत्ती-नर्सिंगची स्वतंत्र अभ्याससंस्था निघाली. परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपत्तीत जायला तयार असलेल्यांची आधीच नोंदणी आणि प्रशिक्षण करायला सुरुवात केली.

या व्यवस्थेचा नियम मला फार आवडतो: तीन रात्री, चार दिवस. नोंदणीकृत परिचारिका स्वतःचं अन्न, पाणी, झोपायची पिशवी घेऊन येते, म्हणजे आधीच गांजलेल्या गावावर तिचा भार पडत नाही. चौथ्या दिवशी दुसरी तुकडी येते. पहिली ओव्हर देते आणि घरी जाते. तिने कितीही म्हटलं की मी राहते, तरी जाते.

११ मार्च २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत या व्यवस्थेची मोठी कसोटी लागली. चार लाखांवर लोक निवाऱ्यांत होते. संघटनेने पुढच्या दोन महिन्यांत नऊशेहून अधिक परिचारिका आळीपाळीने पाठवल्या. ओत्सुची या छोट्या किनारी गावाचा महापौर, अनेक कर्मचारी आणि गावातल्या माणसांच्या नोंदी त्सुनामीत गेल्या होत्या. कोण जिवंत आहे आणि कोण कुठल्या निवाऱ्यात आहे, हेच कळेना. तेव्हा देशभरातून शंभराहून जास्त आरोग्य परिचारिका तिथे जमल्या आणि एप्रिल-मे महिन्यांत गावातली उरलेली सगळी घरं त्यांनी पायी पिंजून काढली. कोण आहे, कोण नाही, कुणाला काय औषध लागतं, कोण रात्री झोपत नाही. सांगलीच्या त्या शंभरपानी वहीची आठवण मला इथे झाली. फरक एवढाच की ही वही एकीच्या गळ्यात नव्हती.

या व्यवस्थेने दुःख संपलं असं मात्र नाही. रिकुझेनताकाता शहरातल्या नऊ आरोग्य परिचारिकांपैकी सहा जणी त्सुनामीत गेल्या. उरलेल्या तिघींना चार दिवसांनी परत जायला दुसरं गाव नव्हतं. तेच त्यांचं गाव. बाहेरून आलेल्या तुकड्या त्यांचं काम वाटून घेऊ शकत होत्या, दुःख नाही. तरीही एक रात्र पूर्ण झोप मिळणं, आपल्या माणसांचा शोध घ्यायला दोन दिवस मोकळे मिळणं, याची किंमत अशा वेळी फार असते. ते मिळालं की परत उभं राहायची ताकद येते. मग ‘प्रेरणा’ या शब्दाचा अर्थही बदलतो. ती एकट्या बाईच्या काळजात पेटलेली ज्योत उरत नाही. तिच्या मागे कोण उभं आहे, यावर ती ठरते.

पुढे कायदाही बदलला आणि एप्रिल २०२४ पासून या आपत्ती-परिचारिकांना जपानच्या वैद्यकीय व्यवस्थेत अधिकृत स्थान मिळालं. १८९१ च्या शिकाऊ मुलींपासून इथपर्यंत यायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. आधी देशाने परिचारिकेवर हक्क सांगितला. मग ती स्वतःहून आली. शेवटी देशाला कळलं की स्वतःहून येणारीलाही झोप लागते, विमा लागतो, प्रवासखर्च लागतो आणि सुट्टी लागते.

कोबेच्या सव्वा वर्ष आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आपल्याकडे किल्लारी हललं होतं. तिथेही झोपलेल्या माणसांवर दगडमातीची घरं बसली, तिथेही वाचलेल्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले आणि तिथेही गोळ्या देणाऱ्या सिस्टर होत्या. किल्लारीच्या तरुणांनी केलेलं मदतकार्य, नव्या गावांची उभारणी यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. त्या शेडमधल्या सिस्टरांच्या वह्यांबद्दल मी शोधतेय. अजून तरी फारसं हाती लागलेलं नाही. तुमच्या घरात एखादी आत्या, मावशी, आजी तेव्हा लातूर-धाराशिवकडे ड्यूटीवर असेल, तर तिला एकदा विचारून बघा. ‘तुम्ही किती महान’ वगैरे नको. तिची पाळी किती तासांची होती, ती झोपायची कुठे, तिच्या जागी कोण आलं, एवढंच विचारा. ती बराच वेळ बोलेल असा माझा अंदाज आहे.

२०२० च्या मार्चमध्ये आपण थाळ्या वाजवल्या. मे महिन्यात रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. लाट ओसरल्यावर तात्पुरत्या भरलेल्या कित्येक परिचारिकांची कंत्राटं संपली. पुढचा पूर येईल तेव्हा यांतल्या काही जणी पुन्हा शाळेच्या दाराशी टेबल टाकून बसतील, याबद्दल मला फारशी शंका नाही. डोळ्यांसमोर पायाला चिखल्या झालेलं माणूस असलं की त्या उठून जात नाहीत. त्या येतील का, ही काळजी मला वाटत नाही. चौथ्या दिवशी त्यांच्याकडून ओव्हर घ्यायला कोण जाणार, हे अजून कुठे लिहून ठेवलेलं दिसत नाही, आणि पावसाळा दरवर्षी येतो.